भिंग आणि भोंगा

त्या बाईंना सून पसंत पडली ती आवाजामुळे. रूप, शिक्षण, स्वयंपाक यातलं त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. मुलगा तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा तिची छत्री टॅक्सीत राहिली होती. हे लक्षात आल्यावर तिने तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक हाक मारली, आणि चौक ओलांडून गेलेली टॅक्सी परत आली. बाईंनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "छापखान्यात काम करशील का?" लग्नाचं त्यांनी नंतर विचारलं, तेही मुलाला.

बाई छापखान्यात मुद्रितशोधक होत्या. पुस्तक छापण्याआधी जो कच्चा कागद निघतो, ते प्रूफ, त्यातल्या चुका शोधायच्या. त्या छापखान्यात हे काम जोडीने चालायचं. एकाने लेखकाचं हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, समोरच्याने ते ऐकत ऐकत प्रुफावर पेन्सिल फिरवायची. स्वल्पविराम आला की वाचणाऱ्याने टेबलावर बोटाने एकदा टकटक करायची, पूर्णविरामाला दोनदा. टेबल होतं छपाईच्या यंत्रांना लागून. आधीचे वाचक गृहस्थ इतके सौम्य बोलायचे, की बाईंना वर्षानुवर्षं फक्त विराम ऐकू आले. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर सून आली. तिने पहिलं वाक्य वाचलं तेव्हा यंत्रावरच्या कामगाराने दचकून यंत्र बंद केलं. त्याच दिवशी तिचं नाव पडलं भोंगा. बाईंचं भिंग हे नाव त्याच्याही आधीचं. अकरा वर्षं भिंग आणि भोंगा समोरासमोर बसत होत्या.

भिंगबाईंच्या नजरेचे किस्से छापखान्यात नव्या माणसाला चहाबरोबर मिळायचे. मुलगा लहानपणी वसतिगृहात होता, तेव्हा त्याने रडून रडून एक पत्र लिहिलं होतं. त्यांनी ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलं. खाली शेरा होता, 'मजकूर बरा. शनिवारी न्यायला येते.' वाण्याच्या यादीवर त्या खुणा करायच्या. दवाखान्यात बसल्या तर भिंतीवरची पाटी दुरुस्त करून यायच्या. सुनेचं कौतुक मात्र त्यांनी अकरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. काम बरोबर झालं की त्या "हं, पुढे" म्हणायच्या. भोंगा बिचारी तेवढ्यावर दिवस काढायची. मुलगा, म्हणजे भोंग्याचा नवरा, दोघींच्या मध्ये फारसा पडत नसे. त्याचं एखादं वाक्य चुकलंच, तर ते दोन्हीकडून दुरुस्त होऊन परत यायचं.

अशा या सुरळीत चाललेल्या छापखान्यात एक दिवस हेडमास्तर आले. पोट पुढे, हात मागे, आणि मागच्या हातात हस्तलिखिताचं गाठोडं. त्यांनी आयुष्यभर खपून एक पुस्तक लिहिलं होतं. इंग्रजीतले दिसायला किंवा ऐकायला अगदी जुळे, पण अर्थाने एकमेकांना न ओळखणारे शब्द, चारशे जोड्या, समोर आपल्या भाषेत अर्थ, आणि प्रत्येक पानाखाली मागच्या जोड्यांची उजळणी. हा नाद त्यांना कसा लागला, तेही त्यांनी छापखान्याच्या मालकांना, कुणी न विचारता, सांगितलं. तरुणपणी ते तापाने आजारी होते. रजेच्या अर्जात त्यांना लिहायचं होतं की मी वीक आहे, अशक्त आहे. पण एका अक्षराच्या चुकीने लिहिलं गेलं, मी आठवडा आहे. वरच्या साहेबांनी अर्जावर शेरा मारला, 'मग आठवडाभर घरीच राहा.' मास्तर म्हणाले, "एका अक्षरात सात दिवस मिळाले हो! तेव्हापासून मी अक्षर सोडलं नाही."

हस्तलिखित पाहून भोंगा खूश झाली. मास्तरांचं अक्षर फळ्यावरचं होतं, एकेक अक्षर चिंचोक्याएवढं. मालक तिच्याहून खूश, कारण शाळाशाळांतून पुस्तकाला मागणी येणार होती. अर्थ ठसठशीत टाइपात आणि इंग्रजी शब्द बारीक टाइपात असं ठरलं. जुळाऱ्याने अक्षरांचे खिळे जुळवले, भोंग्याने वाचलं, भिंगबाई "हं, पुढे" म्हणाल्या, आणि सोळा पानांचा पहिला फर्मा मास्तरांकडे गेला.

तिसऱ्या दिवशी मास्तर आले ते पोट आत घेऊन. "नऊ!" ते म्हणाले. "अहो, नऊ चुका! थांबलेली ती स्टेशनरी आणि लिहायची ती स्टेशनरी, दोघींची अदलाबदल. कोनाच्या जागी देवदूत. रोजनिशीच्या जागी दुग्धालय! ज्या पुस्तकाने लोकांच्या चुका काढायच्या, त्याच्याच पोटात नऊ?"

छापखान्यात कुणाचा विश्वास बसेना. भिंगबाईंच्या हातून नऊ? मालकांनी दोनदा मोजल्या. मग ते टेबलाशी आले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा मान आहे म्हणून आज बोलत नाही. पण दुसऱ्या फर्म्यात एक जरी चूक निघाली, तर प्रुफं बाहेर तपासायला द्यायची. हे टेबल मी उचलणार." टेबल उचलणार म्हणजे दोघींनाही घरी बसवणार, हे सांगायची गरज नव्हती.

भिंगबाईंनी आधी जुळाऱ्याला झापलं, मग यंत्रांना, आणि शेवटी सुनेला. "तुझे उच्चार हल्ली फार गचाळ झालेत." भोंगा चिडली. एरवी तिने उलट उत्तर दिलं असतं आणि ते रस्त्यावर ऐकू गेलं असतं. पण दुपारी दुसरा फर्मा वाचायला घेतल्यावर एक गोष्ट घडली. वाचता वाचता तिला ठसका लागला आणि ती मध्येच थांबली. समोर भिंगबाईंची पेन्सिल मात्र थांबली नाही. ती आपली संथपणे पुढे सरकत राहिली, दोन शब्द, तीन शब्द, ओळीच्या शेवटाला जाऊन खालच्या ओळीवरसुद्धा आली. मग आवाज नाही हे कळून दचकून उभी राहिली. भोंगा पाणी प्यायली आणि पुढे वाचायला लागली. पण आता तिची नजर हस्तलिखितावर कमी आणि त्या पेन्सिलीवर जास्त होती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात भिंगबाई भांडी पुसत होत्या. भोंगा जवळ जाऊन हळूच बोलली. तिचं हळू म्हणजे शेजारच्यांनी रेडिओ बारीक करून कान द्यावा इतपत.

"आई, तुमची पेन्सिल पुढे गेली."

"कुठली पेन्सिल?"

"मला ठसका लागला तेव्हा. मी थांबले, ती थांबली नाही."

भिंगबाईंनी पुसून झालेली वाटी पुन्हा पुसायला घेतली. बराच वेळ पुसली. मग म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाला, अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू."

"कधी म्हणाला?"

"झालं वर्ष."

"अहो आई! मग वर्षभर तुम्ही काय करत होतात?"

"ऐकत होते," भिंगबाई म्हणाल्या. "मोठं दिसतं गं मला. बारीक टाइप तेवढा मुंग्यांसारखा होतो. पण तू शब्द उच्चारलास की तो कसा असणार हे मला पाठच आहे. जुळारी हुशार, सहसा चुकत नाही. निभत होतं. या मेल्या पुस्तकात ऐकून काय कळणार? बहुतेकांचा आवाज एकच, रूपं दोन."

"मग मालकांना सांगून टाकू या ना."

"खबरदार! टेबल गेलं की मी घरी. आणि घरी बसून करू काय? तुझ्या भाजीतल्या चुका काढू?"

"त्या तुम्ही आत्ताही काढताच."

एरवी या वाक्यावर महाभारत झालं असतं. पण भिंगबाईंनी वाटी खाली ठेवली. "मला भीती वाटते गं," त्या म्हणाल्या. अकरा वर्षांत भोंग्याने हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता, आणि तिला एकदम कळेना की आपले हात कुठे ठेवावेत. तिने ती वाटी उचलून मांडणीवर ठेवली.

"मास्तरांचं अक्षर दिसतं ना तुम्हाला?" तिने विचारलं.

"ते रस्त्यापलीकडूनसुद्धा दिसेल."

"मग तुम्ही वाचा. मी प्रूफ बघते."

"तू? तुला इंग्रजी येतं कुठे?"

"अकरा वर्षं वाचतेय की."

"पोपटासारखी वाचतेस."

"मग माणसासारखं शिकवा."

त्या रात्री जेवण करपलं, म्हणून मुलाने निमूटपणे पावावर भागवलं. दोघींची शाळा सुरू झाली होती. मास्तर म्हणून भिंगबाई भयंकर होत्या, पण युक्त्या एकेक अशा काढायच्या की शब्द डोक्यात चिकटूनच बसावा. वेस्ट म्हणजे कंबर आणि वेस्ट म्हणजे कचरा. "कंबरेच्या वेस्टमध्ये आय बघ, पाच अक्षरांत बरोबर मधोमध, कसा सडपातळ उभा आहे. कचऱ्यात कंबर कुठली? तिथे शेवटी ई सांडलाय." कॉम्प्लिमेंटही दोन. "स्तुतीच्या कॉम्प्लिमेंटमध्ये आय असतो. आय म्हणजे मी. स्तुती म्हटली की मी आलाच. पण एकाला दुसऱ्याने पूर्ण करायचं, तिथे मी चालत नाही, तिथे ई." भोंगा कपडे पिळताना, केस विंचरताना, बसची वाट पाहताना घोकायला लागली. ती मनातल्या मनात घोकायची, तरी बसथांब्यावरचे लोक वळून बघायचे.

आता छापखान्यात बहाणा काय सांगायचा? भोंग्याचा आवाज बसला, असं सांगायचं ठरलं. सकाळी ती गळ्याला मफलर गुंडाळून गेली आणि खुणेने सगळ्यांना नमस्कार केला. कामगारांना गहिवरून आलं. कुणी काढा सुचवला, कुणी गुळण्या. आपल्यावर इतकी माणसं जीव टाकतात हे कळायला गप्प बसावं लागतं, याचं तिला नवल वाटलं. तर भोंग्याच्या आजारपणात आपणच वाचकाच्या खुर्चीत बसून वाचणार आणि मग प्रूफही तपासणार, भोंगा नुसती मदतीला समोर बसणार, असं भिंगबाईंनी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, तुमचं तुम्ही बघा, मला चूक नको.

दुसरा फर्मा पुन्हा पहिल्यापासून घेतला, पण पहिल्याच पानावर घोडं अडलं. भिंगबाईंचा आवाज होता सुतासारखा. यंत्रांच्या खडखडाटात तो टेबलाच्या मध्यापर्यंतही पोचेना. अक्षरं सुटी सुटी सांगून पाहिली, तर ए म्हटलं की ई ऐकू येई आणि ई म्हटलं की काहीच ऐकू येत नसे. भोंग्याला तर मोठ्याने "काय?" असं विचारायचीही सोय नव्हती, तिचा आवाज बसलेला. ती नुसतीच मफलरमधून डोळे मोठे करी. शेवटी भिंगबाई वैतागल्या. शब्द होता स्टेशनरी, थांबलेली. त्या ताडकन उठल्या आणि एक पाय उचलून जागच्या जागी पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या.

भोंग्याने आधी सासूकडे पाहिलं, मग प्रुफाकडे. थांबलेलीत ए हवा. प्रुफात ई होता. तिने खूण केली. भिंगबाईंनी पाय खाली ठेवला आणि हवेत पत्र लिहिलं, पाकीट चिकटवलं. भोंग्याने दुसरी खूण केली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, आणि तेही आवाज न करता.

मग काय विचारता! चौसष्ट वर्षांची करडी बाई, जिच्यासमोर जुळारी शिंकायलाही बिचकायचा, ती आता डाय म्हणजे मरणे आलं की खुर्चीत मान टाकून जीभ काढायची, आणि डाय म्हणजे रंगवणे आलं की हातरुमाल काल्पनिक बादलीत बुचकळून पिळायची. अँगलला कोपर वाकवायची, एंजलला दोन्ही हातांचे पंख करायची. डेअरीला गाईची धार काढताना तर त्या अशा रंगल्या, की गाईने लाथ मारली आणि त्यांनी चुकवलीसुद्धा. बेअर म्हणजे अस्वल, तेव्हा त्या गुरगुरल्या. बेअर म्हणजे उघडा, तेव्हा मात्र चष्म्यावरून सुनेकडे असं पाहिलं, की भोंगा काय ते समजली.

यंत्रावरची माणसं काम सोडून कडेने उभी राहायला लागली. आधी त्यांना वाटलं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. मग ते शब्द ओळखायला लागले, मालकांच्या खोलीपर्यंत मात्र त्यांनी काही जाऊ दिलं नाही. जुळाऱ्याचा त्यात असा हात बसला, की खिळे जुळवतानाही तो पुटपुटायचा, हे पाय उचललेलं, हे पाकीटवालं. त्याच्या चुका निम्म्यावर आल्या. उरलेल्या भोंगा पकडायची. एकेक चूक सापडली की तिला असा आनंद व्हायचा, की मफलर तोंडात कोंबावा लागायचा. आपल्या डोळ्यांना हे जमतंय, हे तिला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. घरी गेल्यावर ती स्टुलावर चढून सगळा आवाज एकदम मोकळा करायची, आणि भिंगबाई कानावर हात ठेवून म्हणायच्या, "ओरड, ओरड, दिवसभराचं साचलंय तुझं."

दहाव्या दिवशी प्रिन्सिपल आला. एक प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व, दुसरा म्हणजे शाळेचा मुख्य. भिंगबाईंनी दुसरा घेतला. पोट पुढे काढलं, हात मागे बांधले, आणि टेबलाभोवती हेडमास्तरांची चाल चालायला लागल्या. कामगार हसून हसून यंत्रावर आडवे झाले. आणि एकदम सगळे गप्प झाले, कारण दारात हेडमास्तर उभे होते, पोट पुढे, हात मागे.

"ही कुणाची नक्कल?" त्यांनी विचारलं.

"तत्त्वाची," भिंगबाई म्हणाल्या आणि तशाच चालत जाऊन खुर्चीत बसल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी, फर्म्याचं शेवटचं पान चालू असताना, शाईचा डबा घेऊन एक कामगार टेबलाजवळून चालला होता. भिंगबाई दगडासारख्या उभ्या, एक पाय वर, पापणीही हलत नाही. भोंगा शब्द शोधत होती आणि तिला तो सापडत नव्हता. तिची खूण होईपर्यंत हलायचं नाही असा भिंगबाईंचा नियम होता. कामगार नवा होता. त्याने डबा टाकला आणि बोंब ठोकली, "बाईंना काहीतरी झालंय! पाणी आणा, पाणी!" त्या गलक्याने मालक खोलीतून धावत बाहेर आले. भोंग्याने घाईघाईने पेन्सिल प्रुफाखाली सरकवली आणि रिकामे हात मांडीवर ठेवून बसली. मालकांनी हस्तलिखित हातात घेतलेल्या भिंगबाईंकडे पाहिलं, रिकाम्या हातांच्या भोंग्याकडे पाहिलं, शाईच्या थारोळ्याकडे पाहिलं, आणि आत गेले.

फर्मा मास्तरांकडे गेला. पुढचे दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. भिंगबाई सारख्या विचारत होत्या, पाचव्या पानावरची कंबर बघितलीस ना? आणि भोंगा सारखी सांगत होती, बघितली, आय मध्ये होता.

तिसऱ्या सकाळी मास्तर छापखान्याच्या दारातूनच ओरडले, "शून्य! एकही नाही! मी तीनदा वाचलं, माझ्या मुलीने वाचलं, शून्य!" मालकांना इतका आनंद झाला, की त्यांनी सगळी यंत्रं बंद करायला लावली. सगळ्यांना गोळा केलं आणि मोठ्याने म्हणाले, "याला म्हणतात डोळा. बाई, टेबल कुठेही जात नाही. तुम्ही आहात तोवर तुमचं." मग ते जरा थांबले आणि भोंग्याकडे वळले. "फक्त एक आहे. परवा मी पाहिलं, वाचताही तुम्हीच आणि तपासताही तुम्हीच. मग समोर नुसतं बसायला माणूस कशाला? आवाज बसलेला वाचक ठेवून काय करायचं? उद्यापासून दुसरी खुर्ची काढू."

भोंग्याचा हात मफलरकडे गेला. ती बोलू शकली असती. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं, आणि पुढच्या गल्लीलाही ऐकू गेलं असतं. पण त्या वाक्याने भिंगबाई घरी बसल्या असत्या. तिने मफलर घट्ट केला आणि खाली पाहत राहिली. भिंगबाई मात्र उठल्या. यंत्रं बंद होती, म्हणून त्यांचा तो सुतासारखा आवाज त्या दिवशी पार दारापर्यंत गेला.

"त्या चुका मी शोधल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हिने शोधल्या. मला वर्षभर बारीक टाइप दिसत नाही. हिचा आवाजही बसलेला नाही, ते मीच खोटं बोलायला लावलं. पहिल्या फर्म्यातल्या नऊ चुका माझ्या. दुसऱ्यातलं शून्य हिचं. मी खूप वर्षं हे काम केलंय, पण हिच्याएवढी लख्ख नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही."

मालक जवळच्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. "मग तुम्ही," त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करत होतात?"

"वाचत होते."

"पण बाई, तुमचा आवाज टेबलापलीकडे जात नाही."

"आवाजाचं काय घेऊन बसलात?" मागून मास्तर म्हणाले. "परवा मी स्वतःला चालताना पाहिलं! हुबेहूब!"

कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग सगळा छापखाना. मालकांनाही हसू आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "बरं बाबा. तर मग मुद्रितशोधक ही. आता समोर वाचायला कोण हवं, ते हिचं हिने ठरवावं. मी मध्ये पडत नाही."

भिंगबाई सुनेकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीचा करडेपणा होता, पण हातातलं हस्तलिखित त्यांनी उलटं धरलं होतं.

"काय गं," त्या म्हणाल्या, "ठेवशील का मला?"

आणि भोंग्याचा आवाज खरोखरच बसला. काही केल्या फुटेना. तिने जोरजोरात मान हलवली.

"मान काय हलवतेस? मला दिसत नाही. तोंडाने सांग."

आता एवढी हलणारी मान भिंगबाईंना दिसत नव्हती असं काही नाही. पण त्यांना ते ऐकायचं होतं. भोंग्याने मफलर ओढून फेकला, श्वास घेतला आणि "ठेवते, आई!" असं ओरडली. मालक गठ्ठ्यावरून उठून उभे राहिले, आणि रस्त्यावरून जाणारी एक टॅक्सी कुणी बोलावलं म्हणून थांबली. भिंगबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग वाचकाच्या ज्या खुर्चीत बारा दिवस खोटं सांगून बसल्या होत्या, तिच्यात सगळ्यांदेखत जाऊन बसल्या आणि तिसऱ्या फर्म्याचं पहिलं पान वर काढलं.